जुन्नरचा डोंगर थंडीतच बघावा

सह्याद्री म्हटलं की आम्हा पुणेकरांना पाऊसच आठवतो. जुलैत माळशेजला गाडी लावायला जागा मिळत नाही. माझं मत उलटं आहे. हा मुलूख बघायचा तर पौष-माघात. कातळ कोरडा असतो, समोरचा डोंगर धुक्यात दडत नाही, आणि सूर्य दक्षिणेला कललेला असल्यामुळे दक्षिणाभिमुख लेण्यांत ऊन एरवीपेक्षा आतवर पोचतं. लेण्याद्रीला हे नीट दिसतं. गिरिजात्मजाचा सभामंडप म्हणजे मुळात सातव्या क्रमांकाचा बौद्ध विहार, भिक्षूंच्या राहण्याची जागा. एवढं मोठं दालन, पण आधाराला मध्ये एक खांब नाही. लोक पायऱ्या चढतात, दर्शन घेतात आणि उतरतात. शेजारच्या सहाव्या लेण्यातल्या चैत्यात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात, दुपारीसुद्धा आम्ही तिघंच होतो: दादा, भाची आणि मी.

तुळजा लेणं त्याहून निवांत. तिथला चैत्य गोल आहे. मधोमध स्तूप आणि त्याभोवती बारा अष्टकोनी खांब, कुठेही नक्षी नाही. भाचीने आत हळूच ‘आत्या’ म्हटलं तर हाक चहूकडून आली. मग तिला आवरणं कठीण झालं.

मुक्काम घाटघरला, एका मामांच्या खाचरात, अर्थात त्यांना विचारून. भात निघालेलं, जमीन कडक, आणि धसकटं अशी की फोमच्या मॅटखाली आधी पेंढा पसरावा लागला. जुन्नर म्हणजे बिबट्याचा तालुका. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. म्हणून मी विचारलंच.

“त्यो खाली उसात,” मामा म्हणाले. “हितं ऊस कुठाय? भात निघाल्यावर त्याला लपाया काय ऱ्हातंय?”

एवढं बोलून त्यांनी स्वतःचं कुत्रं मात्र पडवीत घेऊन दार लावलं.

तंबूत पहिल्यांदाच झोपणाऱ्यांसाठी एक सांगते. गारठा आहे म्हणून सगळ्या चेन गच्च लावू नका. आपल्याच श्वासाची वाफ कापडाला आतून धरते आणि पहाटे अंगावर ठिबकते. दादा वाऱ्याच्या उलट बाजूची झडप वीतभर उघडी ठेवतो. कानटोपी घातली की तेवढ्याने काही होत नाही.

सकाळी नाणेघाट. कोकणातल्या बंदरांकडून जुन्नर आणि पुढे पैठणला जाणारी सातवाहनांची वाट ही. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी पडत, असं सांगतात. मला त्यापेक्षा खालची गुहा आवडते. तीन बाजूंना दगडी बाक, भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख: कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापण (त्या काळची नाणी) दान दिले. भारतातल्या अगदी जुन्या अंकांपैकी काही इथे आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा उरल्यात. मधला माणूस गेला. घराण्याचा संस्थापक सिमुक सातवाहन, त्याचं नाव बोटाने दाखवावं (भिंतीला हात न लावता) आणि खाली बघावं. भाची बराच वेळ तिथून हललीच नाही. लेणी म्हणजे नुसती बघायची शिल्पं, हा आपला समज इथे मोडतो. ही पाठ टेकायची, पाऊस काढायची, हिशेब लिहून ठेवायची जागा होती.

पुढे ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत पाचनई. कोतूळनंतरच्या रस्त्याबद्दल दादा जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाडी गावात ठेवून हरिश्चंद्रगड चढलो. या वाटेवर एका बाजूला कपार पुढे झुकलेली आणि दुसऱ्या बाजूला दरी, त्यामुळे बराच वेळ सावलीतून चालणं होतं. वर तंबू गावातल्याच पोरांचे, भाड्याचे. पिठलं-भाकरी, खर्डा आणि चूल.

केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात उभं भलंमोठं शिवलिंग, भोवती चार खांब, त्यातला एकच शाबूत. चार खांब म्हणजे चार युगं, चौथा पडला की जग बुडणार, असं म्हणतात. दादाला प्रदक्षिणा घालायचीच होती. पाणी कमरेपर्यंत आणि असं गार की अर्ध्या फेरीत त्याचा ‘ॐ नमः शिवाय’ ‘आई गं’ झाला. भाचीने व्हिडिओ काढलाय. तो घरच्या ग्रुपवर जाऊ नये म्हणून तिला काय लाच मिळाली, ते दोघंच जाणोत.

संध्याकाळी कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली बघितलं. कडा आत वळलेला, त्यामुळे आपण टेकलोय त्या दगडाखाली काय आहे ते दिसतच नाही. खालून वारा सरळ तोंडावर येतो. तंबू तिथून बराच मागे लावायचा, हे पोरं स्वतःच सांगतात. ऐकावं.

भाचीला आता रतनगडची गुहा हवी आहे. दादा म्हणतो, आधी गाडीचा क्लच.