नकाशातल्या निळ्यात अडलेली म्हैस

मे महिन्यातला तो दिवस अजून डोक्यातून जात नाही. सकाळी साडेनवाला फोन आला. म्हैस अडली होती. पहाटेपासून वेणा देत होती, पण पाणमोट, म्हणजे रेडकाभोवतीची पाण्याची पिशवी, दिसत नव्हती. पत्ता विचारला तर मालकानं लोकेशन पाठवलं. उघडून बघतो तर ठिपका नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, निळ्या रंगात, काठापासून चांगला आत.

जायकवाडी भरलेलं असतं तेव्हा पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं. उन्हाळ्यात ते मागं सरकतं, उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात आणि जनावरं घेऊन तिथंच पाल ठोकतात. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांच्या फिरत्या पथकाला ज्या काठानं जायचं असतं, तो काठ कुठल्याच नकाशात नसतो.

ढोरकीनच्या पुढं आत वळलो. डांबर संपलं तसा ड्रायव्हर म्हणाला, "डॉक्टर, कुणाला तरी विचारू." या काठानं गाडी चालवण्यात त्याचा हात धरणारा आमच्याकडं कुणी नाही. तरी मी म्हणालो, लोकेशन आहे ना, पाण्याच्या कडेकडेनं चला.

गाळ वरून भेगाळलेला असतो, पाय आपटला तरी टणक लागतो. चार बोटं खाली नुसतं लोणी. मागची चाकं रुतली ती पार दांड्यापर्यंत. वेड्या बाभळीच्या फांद्या तोडून चाकाखाली घालण्यात आणि जॅक लावण्यात दोन तास गेले. ड्रायव्हर एका शब्दानं मला बोलला नाही.

शेळ्या राखणारी एक आजी लांबून बघत होती. जवळ येऊन म्हणाली, "इकडून कामून आले बाबा? आमच्या गावच्या रस्त्यानं जायचं ना." तिचं गाव धरणात गेलं. धरण १९७६ साली पूर्ण झालं, तेव्हापासून हा रस्ता पाण्याखाली असतो आणि उन्हाळ्यात थोडे दिवस उघडा पडतो. ती गाडीपुढं चालत निघाली. चिंचेची खोडं दिसली, मग गाळाखालून खडीचा पट्टा वर आला. त्यावर चाक एकदाही घसरलं नाही. वीस मिनिटांत पालापाशी होतो.

हात घातला तर आतल्या घड्या उजवीकडं वळत गेलेल्या. गर्भाशयाला पीळ. म्हशींत हे नेहमीचं, आणि वेळेत सापडलं तर चाकू न लावता सुटतं. ज्या बाजूला पीळ, त्या कुशीवर जनावर पाडायचं. पुढचे पाय एकत्र, मागचे एकत्र बांधायचे. पोटावर लांब फळी तिरकी ठेवायची, एक टोक जमिनीवर. फळीवर माणूस उभा करायचा आणि म्हशीला पिळाच्याच दिशेनं हळूहळू लोळवायचं. फळी गर्भाशय दाबून धरते आणि म्हशीचं अंग त्याभोवती फिरतं. उलट बाजूला लोळवलं तर पीळ आणखी घट्ट बसतो. मासेमारी करणाऱ्यांच्या होडीची फळी मिळाली. मालकाचा मोठा मुलगा तीवर उभा राहिला, सहा जणांनी दावी धरली. दोनदा लोळवून फरक नाही. तिसऱ्यांदा लोळवलं आणि हाताखालच्या घड्या एकदम सैल झाल्या. कोंडलेलं पाणी माझ्या कोपरापर्यंत आलं. तो क्षण मला दहा वर्षांच्या नोकरीत अजून जुना झालेला नाही.

रेडकू मेलेलं निघालं.

म्हैस अर्ध्या तासात उठली, वैरणीला तोंड लावलं. मालक पाया पडायला लागला, मी बाजूला झालो. सकाळी फोन केला तेव्हा कुशीत हालचाल जाणवत होती, असं त्याची बायको म्हणाली. पिळात रेडकू बहुतेक वेळा वाचत नाही, हे मला माहीत आहे. पण ते दोन तास मी घालवले, हेही खरं आहे.

संध्याकाळी नोंद करायला बसलो. गावाचं नाव निवडल्याशिवाय नोंद पुढं सरकत नाही आणि बुडीत गाव यादीत नाही. जवळचं गाव टाकलं. म्हणजे त्या पालांवर किती जनावरं अडतात, हे कागदावर कधीच येत नाही, आणि म्हणून तिथं उन्हाळ्यापुरतं पथक ठेवा म्हणावं तर कुणाला आकडा दाखवता येत नाही. याचा मला फार राग आहे.

पुढच्या रविवारी ड्रायव्हरला घेऊन आजीकडं गेलो. याच रस्त्यानं ती बैलगाडीतून नवरी होऊन आली होती. खडी कुठवर आहे, ओढा कुठं, देवळाचा चौथरा कुठं, ती सांगत गेली आणि मी वहीत उतरवत गेलो. चौथऱ्याच्या पुढचा भाग तेव्हा पाण्यातच होता. पाणी अजून हातभर उतरलं की तोही उघडा पडेल, असं ती म्हणाली, तेव्हा परत या.