वरचा कप ढिला आहे, मॅडम

दिवाळी उरकली, भात झोडून झालं की पेठ-सुरगाण्याकडची माणसं नाशकात उतरायला लागतात. काही दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात, काही बांधकामावर. त्या वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या साइटवर मुकादमाने एकदम सत्तावीस माणसं आणून उभी केली. सकाळचे साडेसात वाजले होते. गारठा असा की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. अकराव्या मजल्याचं सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब ओतण्याआधीचा साचा आणि टेकू लावायचं काम, अडलेलं होतं आणि प्रोजेक्ट मॅनेजरांचा निरोप मी गेटवर पोचायच्या आधीच आला होता, "मॅडम, दुपारपर्यंत सगळ्यांची कार्डं करून टाका."

मी तिथे सेफ्टी ऑफिसर होते. कार्डावर सही माझी असते, म्हणून आधी कार्डाबद्दल सांगते.

इंडक्शन, म्हणजे कामाआधीचं सुरक्षेचं शिकवणं, झालेल्या माणसाला फोटोचं लॅमिनेट केलेलं कार्ड मिळतं. त्यावर नाव, रक्तगट, कामाचा प्रकार, मुदत आणि घरचा फोन नंबर असतो. हिरवी पट्टी म्हणजे जमिनीवरचं काम. लाल पट्टी म्हणजे हाइट पास, म्हणजे या माणसाची डॉक्टरांनी तपासणी केली आहे, त्याला बेल्ट बांधता येतो, हूक लावता येतो, तो परांचीवर चढू शकतो. उंचीवरच्या माणसाची हजेरी आमच्याकडे दीड-दोनशे रुपयांनी जास्त होती, त्यामुळे लाल पट्टी सगळ्यांनाच हवी असते.

दर वेळी होतो तो घोळ त्या दिवशीही झाला. पाच-सहा जणांनी खिशातून कार्ड काढून समोर धरलं. "हे आहे ना मॅडम, मागच्या साली काढलं." ते इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं कार्ड होतं. 1996 च्या कायद्यातून आलेलं हे कार्ड फार कामाचं आहे. अठरा ते साठ वयाच्या, वर्षभरात किमान 90 दिवस बांधकामावर राबलेल्या माणसाची नोंदणी होते आणि बांधकामाच्या खर्चावर जो एक टक्का उपकर घेतात, त्यातून मुलांची शिष्यवृत्ती वगैरे मदत मिळते. ते जपून ठेवा, नूतनीकरण चुकवू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. पण तुम्ही बांधकाम कामगार आहात एवढंच ते कार्ड सांगतं. दहाव्या मजल्याच्या कडेला तुम्हाला उभं करावं की नाही, ते त्यावर लिहिलेलं नसतं. दुसऱ्या साइटचं कार्डही आमच्याकडे चालत नाही. माणसं वैतागतात. त्यांचा अर्धा दिवस मोडतो, ते मला कळतं. तरी मी घाई करत नाही, त्याला एक कारण आहे.

आधी मी दुसऱ्या एका साइटवर सहायक होते. तिथे एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा लिफ्टच्या डक्टमध्ये पडला. कार्ड त्याच्या थोरल्या भावाचं होतं. दोघांचे चेहरे सारखे, फोटो अंधुक, गेटवर कुणी निरखून पाहिलं नाही. थोरल्याला त्या दिवशी दुसरीकडे जास्त हजेरीचं काम मिळालं होतं, म्हणून त्याने धाकट्याला पाठवलं. कार्डावरच्या नंबरावर फोन मीच लावला. आईने उचलला. मी थोरल्याचं नाव घेतलं. तो पडलाय, सिव्हिलला नेलंय, लगेच या म्हणाले. ती माउली तीन तास थोरल्यासाठी रडत आली आणि दवाखान्याच्या दारात थोरलाच उभा दिसला. त्याला पाहून ती हसली. मग त्याचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं.

मुलगा वाचला, पण कंबरेखालचं अंग लुळं पडलं. भरपाईचे कागद महिनोन्‌महिने अडकले, कारण नोंद एकाची आणि दुखापत दुसऱ्याला. तेव्हापासून कार्डावर लिहिलेला घरचा नंबर मी माणसासमोरच फिरवते. पलीकडे कोण बोलतं ते विचारते, ते त्याचे कोण लागतात ते विचारते, मगच सही करते.

तर त्या दिवशी तासभर इंडक्शन झालं आणि मी पेपर वाटले. वीस प्रश्न, तेही हिंदीत, हेड ऑफिसकडून छापून आलेले. पास व्हायला चौदा बरोबर लागतात. पेपर गोळा केले तर एकवीस जणांचा नववा प्रश्न चुकलेला आणि सगळ्यांचं चुकीचं उत्तर तेच. गटात बारावीपर्यंत शिकलेला एक मुलगा होता, बाकीच्यांनी त्याचं बघून खुणा केल्या होत्या. मी रागावले नाही. ज्याला वाचता येत नाही त्याने दुसरं काय करावं? आमच्या धंद्यातली ही मोठी खोट आहे, माणूस हातोडी धरणार असतो आणि आपण त्याची परीक्षा पेनाने घेतो. पेपर बाजूला ठेवले आणि एकेकाला बोलावून मराठीत तोंडी विचारायला लागले.

सतरावा की अठरावा असेल, एक माणूस आला. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, डोक्याला मफलर, बोटांची पेरं सिमेंटने खाऊन पांढरी झालेली. सगळे त्याला मामा म्हणत होते, म्हणून मीही मामा म्हटलं. त्याचा पेपर कोरा होता. त्याने कुणाचं बघूनही खूण केली नव्हती.

"मामा, उंचीवर काम करताना हूक कुठे लावाल?"

छापील उत्तर होतं, 'कमरेच्या वर, मजबूत आधाराला'. मामा म्हणाले, "आधी आधार बघीन, मग हूक."

"आणि आधार कसा बघाल?"

"ठोकून."

मी चार प्रश्न जास्तच विचारले. बेल्ट घालण्याआधी काय बघायचं विचारल्यावर त्यांनी समोरचा बेल्ट उचलला. शिवण अंगठ्याने दाबत पट्टा पूर्ण फिरवला, पाठीवरची डी-रिंग, म्हणजे दोरी अडकवायची कडी, हलवून पाहिली, हुकाची जीभ दाबून सोडली. मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जाईल एवढीच फट ठेवायची, तेही दाखवलं. बावीस वर्षं परांची बांधत होते. मुंबई, सुरत, मग नाशिक. पोरांना शिकवताना मी जे तक्त्यावर दाखवते, ते या माणसाच्या हातात होतं.

मग प्रात्यक्षिक. गोदामामागे आम्ही कपलॉकची, म्हणजे पाइप कपांत अडकवून जोडायची, दोन लिफ्टची, म्हणजे दोन टप्प्यांची परांची उभी केली होती, फक्त परीक्षेसाठी. चढायचं, चालताना आधी एक हूक पुढे लावून मगच मागचा सोडायचा, आणि उतरायचं. आदल्या संध्याकाळी तिच्यावर हिरवा टॅग, म्हणजे चढायला हरकत नाही अशी खूण, मीच लावला होता. मामा चढले. वरच्या फळीशी पोचले, एक हूक उभ्या पाइपाला अडकवला, दुसरा लेजरपाशी, म्हणजे आडव्या पाइपापाशी नेला आणि थांबले. खिशातून छोटी हातोडी काढून जोडावर टिचकी मारल्यासारखं ठोकलं. शेजारच्या जोडावर ठोकलं. पुन्हा पहिल्यावर.

दोन्ही आवाज मला खाली ऐकू आले. एक ठण्ण, दुसरा खडखड.

"वरचा कप ढिला आहे, मॅडम. इथे हूक लावला तर मी पाइप घेऊनच खाली येईन."

कपलॉकमध्ये लेजरचं टोक खालच्या कपात बसतं, मग वरचा कप खाली सरकवून, फिरवून हातोडीने ठोकून आवळायचा असतो. तो जोड नुसता सरकवलेला होता, ठोकलाच नव्हता. खालून पाहिलं तर दोन्ही जोड सारखेच दिसतात. आदल्या दिवशी मी अंधारून येताना बॅटरीने पाहिलं होतं, हाताने एकेक जोड तपासला नव्हता. मामांच्या आधी सोळा-सतरा माणसं त्याच लेजरला हूक लावून चालून गेली होती. त्यांतलं कुणी घसरलं असतं तर? मी पोरांना सांगत असते, हूक पायाशी लावला तर दोरीची लांबी, उलगडलेला शॉक ॲब्जॉर्बर, म्हणजे धक्का झेलणारी पट्टी, आणि माणसाची उंची मिळून खाली सहाएक मीटर मोकळी जागा लागते. आमची परांची तेवढी उंचही नव्हती. शिवाय आधारच सुटला असता, तर हिशोबाचा प्रश्नच नव्हता.

मी सगळ्यांसमोर हिरवा टॅग काढला आणि लाल लावला. परांची बांधणाऱ्या पोरांना बोलावून प्रत्येक कप मामांच्या समोर ठोकून घेतला. आणखी एक ढिला निघाला. आधी चालून गेलेल्या सगळ्यांची परीक्षा मी पुन्हा घेतली आणि या वेळी प्रत्येकाने हूक लावण्याआधी जोड ठोकायचा, असं सांगितलं. मामा खाली उभं राहून आवाज ऐकत होते. एखाद्याने नुसता हात लावल्यासारखं केलं की म्हणायचे, "वाजू दे की."

बारा वाजून गेले होते. मॅनेजरांचे तीन फोन येऊन गेले.

मग डॉक्टरांकडे तपासणी. आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर कंटेनरच्या केबिनमध्ये बसायचे. मामांच्या दंडाला पट्टा बांधला, पंप दाबला, आकडा आला 178 वर 110. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. वीस मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं. 172 वर 108.

"सकाळी डोकं धरतं का हो?"

"धरतं. चहा घेतला की जातं."

रक्तदाब त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोजून घेतला होता.

मॅनेजर तोवर स्वतः खाली आले. परांचीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती आणि त्यांना मामा सेंट्रिंगवर ताबडतोब हवे होते. "अहो, आजच्या सगळ्या लॉटमध्ये काम येणारा हा एकच माणूस आहे. त्यालाच तुम्ही खाली बसवणार?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्यावर स्लॅबच्या तारखेचा ताण होता आणि माणूस खरंच हिरा होता. माझ्याही मनात आलं, ज्याने आज माझी चूक पकडली त्यालाच मी नाकारायचं? पण अकराव्या मजल्यावर घेरी आली, तर बावीस वर्षांचा अनुभव हात देत नाही. बेल्टने लोंबकळला तरी पाय लटकते राहून रक्त खाली साचतं, मिनिटांत माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि अशा ताणाच्या शरीराला तर ते आणखी जड जाईल. मी हिरवी पट्टी दिली.

मामांनी कार्ड घेतलं, पट्टीचा रंग पाहिला. काही बोलले नाहीत. मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवलं नाही.

मुकादमाशी मी वाद घातला. खाली उतरवलेल्या प्रत्येक पाइपाची आणि कपाची तपासणी मामांनी करायची आणि हजेरी उंचीवरच्या माणसाचीच द्यायची. मुकादम नाही म्हणत होता. मॅनेजरांनीच शेवटी मान डोलावली, एवढं मात्र त्यांचं नाव घेऊन सांगायला हवं होतं, पण त्यांना आवडणार नाही. मामा महापालिकेच्या दवाखान्यात गेले, गोळी सुरू झाली. पुढच्या तीन आठवड्यांत त्यांनी वाकलेले, तडकलेले कप वेगळे काढून एक ढीगच केला.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधला. 136 वर 84. पुढच्या खेपेलाही जवळपास तेवढाच. मी लाल पट्टीचं कार्ड लिहायला घेतलं. घरचा नंबर मामांनी पाठ म्हणून दाखवला. मी त्यांच्यासमोर फिरवला.

बराच वेळ रिंग गेली. मग बाईमाणसाचा आवाज आला. मी साइटचं नाव सांगितलं आणि पलीकडे एकदम सगळं थांबलं.

"काही झालं नाही मावशी," मी घाईने म्हटलं, "मामा इथेच आहेत, माझ्यासमोर उभे आहेत. नंबर बरोबर आहे का तेवढं बघत होते." आणि फोन मामांच्या हातात दिला.

त्यांनी फोन कानाला लावला, दुसऱ्या हाताने मफलर सारखा केला. पलीकडून मावशी बराच वेळ बोलत होत्या.

"घेतो गं," मामा म्हणाले. "रोज घेतो. आजची पण घेतली."