आप्पांची चादर आणि भिलारची थंडी

शनिवार, रात्री दहा. भिलार.

बोटं गारठली आहेत, अक्षर तिरकं येतंय, तरी आजचं आजच लिहून ठेवते.

गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा, उरकेपर्यंत आक्का सोलापूर सोडत नाही. संक्रांतीला नंदीध्वजांना हात जोडायचे, मग एका संध्याकाळी होम मैदानावर नातवंडांना पाळण्यात बसवायचं, हे झाल्याशिवाय तिचं वर्ष सुरूच होत नाही. यंदा गड्ड्यावरची गर्दी पांगली आणि तिनंच फोन केला. "चल गं, कुठंतरी थंडीत जाऊन येऊ. थंडी म्हणजे काय ते एकदा हाडांना कळू दे की." तिला एकाहत्तर, मला पासष्ट. गाडी तिच्या मुलानं चालवली.

पहाटे निघालो. पंढरपूरपर्यंत उसाच्या ट्रॉल्या. म्हसवड जवळ आलं आणि माणदेश सुरू झाला. बोडके डोंगर, बाभळी, मेंढरांचा कळप रस्त्यातच. गोंदवल्याला महाराजांच्या समाधीसमोर घटकाभर बसलो, बाहेर येऊन गाडीतच धपाटे आणि दही खाल्लं. दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव, सातारा. मी खिडकीतून माती बघत होते. आपली काळी, मग मुरमाड, मग पुन्हा काळी, आणि वाईच्या पुढे पसरणीचा घाट चढून वर आलं की तांबडी. सोलापूरला वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, महाबळेश्वरला त्याच्या दहापट. मध्ये अंतर अडीचशे किलोमीटरचं. ढग समुद्राकडून येतात, सह्याद्रीला थडकतात आणि तिथंच बरसून घेतात. आपल्याकडे पोचतो तो उरलासुरला शिधा. हे शाळेत शिकले होते, पण आज एका दिवसात डोळ्यांनी पाहिलं.

वाईत ढोल्या गणपतीपाशी थांबलो होतो. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलीय, कृष्णेचा पूर आला की पाणी दोन्ही बाजूंनी फुटून निघून जावं म्हणून. आक्का त्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभी होती. "जास्त पाणी येईल म्हणून भिंत बांधायची," ती म्हणाली, "आपण कमी येईल म्हणून टाक्या बांधतो."

उतरलो आहोत भिलारला. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मध्ये हे गाव. २०१७ च्या मे महिन्यात याला पुस्तकांचं गाव केलं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी पुस्तकं ठेवली, कुणाच्या घरी कविता, कुणाच्या घरी चरित्रं, कुठं इतिहास, कुठं बालसाहित्य. पुस्तकं उचलायची, ओसरीवर बसायचं, वाचायचं. पैसे नाहीत, वेळेचं बंधन नाही. आमच्या यजमानीणबाईंच्या बाहेरच्या खोलीत कपाट भरून पुस्तकं आहेत आणि मागच्या बाजूला स्ट्रॉबेरीचा मळा. आत्ता खिडकीतून फक्त अंधार आणि लांब एक दिवा.

आता जे लिहायचं होतं ते.

जेवून खोलीत आलो. पलंगावर दोन रजया आणि वर घडी घातलेली एक चादर. आक्कानं ती उचलली, हातात तोलली, दिव्याखाली नेली, काठ चाचपला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आपल्या गावची आहे गं."

काठाला विणलेली अक्षरं होती: सोलापूर. मधे फुलांचं ठसठशीत जेकार्डचं काम, उलटसुलट दोन्हीकडून नक्षी. इतकी वापरलेली, धुतलेली, की मऊ पडलीय.

आमचे आप्पा पूर्व भागात कारखान्यात चादरी विणायचे. वर पत्रे, आत मागांची खटखट. एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, तर आत किती असेल ते तेच जाणे. बनियन घामानं अंगाला चिकटलेलं आणि डोक्याच्या केसांवर कापसाची तुसं, म्हातारे दिसायचे ऐन पस्तिशीत. मागांच्या आवाजानं कान गेले होते. घरी ते ओरडूनच बोलायचे, आणि आम्हा दोघींनाही त्यांच्याशी ओरडून बोलायची सवय लागली. अजून फोनवर आम्ही दोघी मोठ्यानं बोलतो ती तेव्हाचीच. सुट्टीत डबा घेऊन गेलं की मी दारात उभी राहून धोटा इकडून तिकडे पळताना बघायची. चादर इंचाइंचानं वर यायची. "कुठं जातात ओ ह्या?" असं मी एकदा विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "थंडीच्या मुलखात. तिथं लोक म्हणे दोन-दोन घेतात अंगावर."

ते स्वतः वर्षातले आठ महिने गच्चीवर चटई टाकून झोपायचे, अंगावर धोतराचं एक पान. थंडीचा मुलूख त्यांनी पाहिला नाही. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि एकदा गाणगापूर, एवढाच त्यांचा प्रवास. जाऊन तीस वर्षं झाली.

ही चादर त्यांच्या कारखान्यातली नाही, तेवढी जुनी नाहीच. पण आक्कानं दोन्ही रजया बाजूला सारल्या. "एवढीच घ्यायची आज," म्हणाली. लहानपणी झोपायचो तशा एकाच चादरीत झोपतोय. लाईट घालवायला ती थांबलीय. बास.

रविवार, दुपार

रात्री दोनदा जाग आली, थंडीनं. तिसऱ्यांदा आक्कानं गुपचूप रजई ओढून घातली तेव्हा बरी झोप लागली.

सहाला उठून मळ्यात गेले. वहिनी, म्हणजे यजमानीणबाई, आधीच तोडणीला लागल्या होत्या. रोपं वरंब्यावर, खाली मल्चिंगचा कागद, फळ मातीला टेकू नये म्हणून. पानांवर दव इतकं की साडीचा काठ भिजला. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस सरला की लागण, डिसेंबरपासून तोडा जोरात, तो एप्रिलपर्यंत. ऊन चढायच्या आत तोडायचं. मी पहिलं फळ ओढून काढलं तर वहिनी म्हणाल्या, "मावशी, देठ ठेवा. हिरवी टोपी निघाली की फळ दुपारपर्यंत पण टिकत नाही." मग दाखवलं, नखानं देठ कसा चिमटायचा ते. अर्ध्या तासात माझ्या हातून दीड डबा. त्यांच्या हातून बारा.

थेट रोपावरचं, दवानं गार झालेलं फळ खाल्लं. आजवर सोलापुरात हातगाडीवर घेतलेल्या स्ट्रॉबेरीला मी आंबट म्हणत आले होते. ती बिचारी प्रवासानं दमलेली असते.

न्याहारीला वहिनींनी तांदळाची गरम भाकरी आणि पिठलं केलं. आम्ही आमचा डबा उघडला: कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, आक्काच्या हातची. वहिनींच्या सासूबाईंनी कडक भाकरीचा तुकडा मोडला आणि आवाज ऐकून थबकल्या. "पापड हाय का काय हा?" मग त्यांनी दुधात कुस्करून खाल्ली. चटणीची बाटली तिथंच राहिली, बदल्यात आक्काला तुतीचा जॅम. भाचा म्हणाला, "आई, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला पण २०१० मध्ये मिळालंय." आक्का म्हणाली, "आणि माझ्या चटणीला?" सासूबाई म्हणाल्या, "ते म्या दिलं."

रविवार, रात्र

जुन्या महाबळेश्वरला जाऊन आलो. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री, पाचही नद्यांचा उगम इथं मानतात. आक्कानं चप्पल काढली, गुडघ्याला हात देत पायऱ्या उतरली आणि गोमुखाखाली दोन्ही हात धरले. पाणी बर्फासारखं. तरी हात काढेना. मागं रांग लागली तरी तिला कुणी हटकलं नाही, हे मला फार आवडलं.

आमच्या पेठेत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते उजनीचं, म्हणजे भीमेचं. भीमा भीमाशंकरला निघते आणि खाली रायचूरजवळ कृष्णेला मिळते. म्हणजे आत्ता आक्काच्या बोटांतून गळणारं पाणी आणि आमच्या टाकीतलं पाणी कधीतरी एकाच पात्रात येतं. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग हे आपलंच की." आणि ओंजळ डोळ्यांना लावली.

तिथून थोडं चालत गेलं की कृष्णाबाईचं देऊळ. तिकडे गर्दी नाही. सगळं दगडी, शेवाळलेलं, समोर कुंड, आणि कडेला उभं राहिलं की कृष्णेचं खोरं खाली उतरत गेलेलं. अर्धा तास कुणी बोललं नाही. जांभळाच्या दाट पानांत बुलबुलांची एक जोडी सारखी आत-बाहेर करत होती, तुरेवाली, गालावर लाल ठिपका. महाबळेश्वरला कुणी गेलं तर मी हेच सांगेन: पॉइंट दोन कमी बघा, पण इथं बसा.

पुढे आर्थर सीटला एक बाजू सावित्रीच्या खोऱ्याची, खोल, कोकणात कोसळणारी. दुसऱ्या बाजूला जोर खोऱ्याचं रान. खालून वारा इतका जोरात वर येतो की हलकी वस्तू टाकली तर परत येते. पोरं बाटल्यांची झाकणं टाकत होती. भाच्यानं त्यांना थांबवलं आणि वाळलेलं पान टाकायला दिलं. पान खाली गेलं, हवेत अडलं, गिरकी घेत वर आलं आणि आक्काच्या पदराला लागलं. तिनं ते पर्समध्ये ठेवलं आहे.

वेण्णा तलावाला फक्त गाडीतून. साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ मध्ये बांधवून घेतलेला तलाव, आता काठाला घोडे आणि मक्याच्या भट्ट्या. एक भाजलेलं कणीस तिघांत खाल्लं. त्या काठावर कडाक्याच्या पहाटे दव गोठून पांढरं होतं म्हणतात. आम्हाला नाही दिसलं.

सोमवार, रात्र

आज निघेपर्यंत कुठंच गेलो नाही, आणि हाच सगळ्यात चांगला दिवस.

सकाळी ओसरीवर ऊन आलं तशी आम्ही खुर्च्या उन्हात ओढल्या. ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, ही माझ्यासाठी नवी गोष्ट आहे. जन्मभर ऊन म्हणजे टाळायची वस्तू. डोक्यावर पदर, खिशात कांदा, दुपारी दार बंद. इथं ते मांडीवर येऊन बसलं तर हलू नये वाटलं. कपाटातून कवितांचं एक पुस्तक काढलं आणि आक्काला वाचून दाखवलं. तिला चष्म्यानं बारीक अक्षर दिसत नाही आता. मोठ्यानं वाचत होते, नेहमीसारखी. रस्त्यावरून जाणारा एक पोरगा थांबून ऐकायला लागला, शाळेच्या दप्तरासकट. दोन कविता झाल्यावर म्हणाला, "अजून एक वाचा की." वाचली.

दुपारी वहिनींनी मध दिला, जांभळाचा. गडद, जिभेला मागून किंचित कडवट. मधाची इथं जुनी परंपरा आहे. जवळचंच मांघर हे गाव २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, त्या वर्षी तिचाही मध मिळतो म्हणे. आक्का लगेच हिशेब करायला लागली, पुढच्या फुलोऱ्याला आपण किती वर्षांच्या असू. मी तिला थांबवलं. तेव्हा बघू.

निघताना तिनं वहिनींना विचारलं, "ही चादर कुठं घेतलीत?"

"माहेरहून आली, मावशी. लग्नात. बावीस वर्षं झाली. रजया दोनदा बदलल्या, ही तशीच आहे."

आक्का काही बोलली नाही. पण गाडीत बसल्यावर, घाट उतरून वाई येईपर्यंत, तिनं तीनदा म्हटलं, "बावीस वर्षं."

मंगळवार, पहाटे तीन. सोलापूर.

येताना रात्र मुक्कामाला साताऱ्यात नातेवाइकांकडे होतो. काल, म्हणजे सोमवारी रात्री. आज सावकाश निघालो. गोंदवल्याला दुपारचा प्रसाद मिळाला, पंगतीत बसून. म्हसवडला स्वेटर निघाले, पंढरपूरला गाडीच्या काचा खाली. रस्त्याकडेला ज्वारीची कणसं भरलेली, पाखरांना हाकलायला कुणीतरी डबा बडवत होतं.

(वर वार चुकला. बुधवार उजाडतोय.)

स्ट्रॉबेरीचे चार डबे आणले होते, घरी पोचेस्तोवर खालच्या थराला पाणी सुटलं. आक्का म्हणाली टाकायचं नाही. आल्या आल्या साखर घालून गॅसवर चढवलं. जिन्यात वास गेला तशी शेजारची दोन्ही पोरं चमचे घेऊनच आली. आर्थर सीटचं पान तिनं देवघरात आप्पांच्या फोटोच्या चौकटीत खोचलंय.

ती इथंच झोपलीय आज, माझ्याकडे. पंखा दोनवर, आणि अंगावर पांघरूण काहीच नाही.

नळ सूं सूं करायला लागला. पाणी आलं. तिला उठवत नाही, मीच भरून घेते.