कोल्हापूरहून नागपूर, पोरांसकट

2024च्या मार्चमध्ये नवऱ्याच्या बदलीची ऑर्डर आली आणि आम्ही पहिली चूक लगेच करून टाकली. पोरांना सांगायचं लांबवलं. थोरलीची चौथीची परीक्षा होऊ दे, मग सांगू. धाकटा चार वर्षांचा, त्याला काय कळतंय. व्हायचं तेच झालं. परीक्षेच्या आधीच तिला खालच्या मजल्यावरच्या काकींकडून कळलं. घरी आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "मला सोडून सगळ्यांना माहीत हाय." आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

दुसरी चूक आवराआवरीची. पोरं आजोळी गेल्यावर मी सपाटा लावला आणि चाक तुटलेला एक खेळण्यातला जेसीबी भंगारात दिला. नागपूरला पोचल्यावर धाकट्यानं सामानातून पहिल्यांदा तोच मागितला. तसाच नवा आणला, तर म्हणाला, "ह्यो आपला न्हाई." वर्षापूर्वी बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं, रागावू नका, लाजवू नका, झोपण्याआधी शू करायला न्या, थांबेल. मी रबरी शीट घातली आणि तोंड मिटून रोज चादरी धुतल्या. महिन्याभरानं थांबलं. भंगारवाल्याला दिलेली ती दोन मिनिटं मला फार महाग पडली.

त्यातल्या त्यात एक गोष्ट जमली. थोरलीला एक खोकं देऊन सांगितलं होतं, यात काय भरायचं ते तू ठरव, मी उघडणार नाही. तिनं चिकटपट्टीचं अर्धं रीळ संपवलं आणि वर स्केचपेननं लिहिलं, 'कोणी हात लावू नये. बाबांनी पण.' हे खोकं ट्रकमध्ये नाही, महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये आमच्या बर्थखाली आलं. दुपारी कोल्हापूरला गाडीत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर नागपूरला उतरायचं, तेवढा वेळ तिचा एक पाय त्या खोक्यावर होता.

शाळेचं काम माझ्याकडे. जुन्या शाळेतून दाखला यायला उशीर होत होता आणि इथल्या एका अनुदानित शाळेत "आधी दाखला आणा, मग बघू" असं ऐकवलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5मध्ये स्पष्ट आहे की दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. तेच अर्जात लिहून दिलं, काम झालं. ऑनलाइन नोंद हलवायची विनंती नवी शाळा पाठवते आणि जुनी शाळा मंजूर करते, तेव्हा जुन्या शाळेतल्या क्लार्कचा फोन नंबर जवळ असू द्या. बाकी कागदपत्रांत काही राम नाही.

खरी परीक्षा पुढं होती, आणि तिचा मी विचारच केला नव्हता. त्या वर्षी कोल्हापुरात शाळा 15 जूनला उघडल्या. विदर्भात उन्हामुळं 1 जुलैला. म्हणजे थोरलीच्या मैत्रिणी नव्या वर्गातले फोटो पाठवतायत, आणि ही अनोळखी घरात, दारं-खिडक्या बंद करून, कूलरसमोर. आमच्याकडे कूलर ही चीजच नव्हती. धाकटा त्याच्या आवाजाला भ्यायचा. (आता त्या आवाजाशिवाय झोपत नाही.) रोज दुपारी दोनला थोरली विचारायची, "आत्ता तिथं काय चालू असेल?" सुरुवातीला मी विषय बदलायचे. मग एक दिवस कंटाळून मीच म्हणाले, डबा खाऊन झाला असेल, मागच्या बाकावर कोण बसलं असेल गं? त्यावर ती अर्धा तास बोलली, रडली, आणि उठून जेवली. विषय बदलणं त्या दिवसापासून बंद.

शाळा सुरू झाली तर भाषेची भानगड. कोल्हापुरी पोरी सर्रास 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मी स्वतः पुण्यात नोकरी करताना 'येते-जाते' शिकले. वर्गात सगळे हसले, तू पोरगा आहेस का म्हणून. दोन दिवस ती वर्गात बोललीच नाही. शेजारच्या काकूंनी तिला जिन्यात गाठलं, "काऊन वं, रडून राहिली का?" आणि कामाला लावलं, जा, खालून दहाची सांबार घेऊन ये. ही भांडं घेऊन निघाली. इथं सांबार म्हणजे कोथिंबीर. भाजीवाला, काकू आणि ती, तिघंही हसले. या वेळी तीही हसली, एवढाच फरक.

आषाढात बेंदूर आला. कोल्हापुरात कुंभारांकडून मातीचे बैल आणायचे, पुजायचे. इथं बेंदूर कुणाला माहीत नाही. तेव्हा ते खोकं उघडलं. आत मोज्यात गुंडाळलेले गेल्या वर्षीचे दोन बैल, एकाचं शिंग मोडलेलं. आम्ही चौघांनीच पूजा केली. फार उदास बेंदूर होता तो.

सप्टेंबरात पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतली पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून निघाली. आमच्याकडे लाकडी बैल नाही. थोरली म्हणाली, मी जात नाही. धाकट्यानं नव्या जेसीबीला, ज्याला त्यानं तीन महिने हात लावला नव्हता, सुतळी बांधली आणि मोडक्या शिंगाचा बैल त्याच्या फावड्यात बसवला. गेले दोघं. दारोदार बोजारा मिळाला, एकशेवीस रुपये आणि चिवडा. शिंगाबद्दल कुणी विचारलंच नाही म्हणे.

परवा आजीचा फोन आला. थोरलीच्या तोंडात घास होता. म्हणाली, "आज्जी, मी जेवून राहिलो. नंतर करतो."