आज सात आंबे

रविवार, सकाळी साडेसहा

रात्री तीनदा जाग आली. तिन्ही वेळा कारण एकच. मागच्या पडवीच्या पत्र्यावर धप्प आवाज, मग घरंगळत जाणारी खडखड आणि शेवटी गवतात काहीतरी पडल्याची बारीक चाहूल. तिसऱ्या वेळी उठूनच बसले. उजाडायची वाट पाहवेना, म्हणून बॅटरी घेऊन झाडाखाली गेले.

सात आंबे. दोन पत्र्यावर आपटून फुटलेले, एकाचा अर्धा गर खाऊन झालेला, चार अगदी धड. लेक मागून डोळे चोळत आली. एकेक उचलून बघत होती. "आई, हा पडलाय की पाडलाय?" आमच्या घरातला आताशाचा हा मोठा प्रश्न. पाडाला लागलेला आंबा आपणहून गळतो तेव्हा देठाची जागा कोरडी, स्वच्छ असते. वटवाघळाने पाडलेल्याला दातांच्या रेघा असतात, आणि चोथा चघळून थुंकलेल्या गोळ्या जवळपास सापडतात. तिने तो अर्धा आंबा परत झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. मी काही बोलले नाही. शेंड्याकडचे आंबे वटवाघळांचे, हे मी कधीच मान्य केलंय. तिथवर आमचा झेला, आंबे काढायची जाळीची काठी, पोचत नाही.

आमच्या बेटावरच्या या बागेत आंब्याची झाडं दोन. घराच्या आडोशाला कलमी, बुटकं, गुणी. समुद्राच्या बाजूला रायवळ, तिमजली घराएवढं. पाहुणे कलमीचं कौतुक करतात. माझा जीव रायवळावर. त्याचा आंबा लहान, रेषाळ, कोय मोठी. चिरून खायचा नाहीच तो, दोन्ही हातांनी दाबून मऊ करून चोखायचा. पण वास! देठाशी नाक नेलं की आधी राळेचा उग्र वास येतो आणि मग गोडवा. कलमीत हे दोन वास इतके वेगळे लागत नाहीत.

समुद्राकडून वर्षभर वाहणाऱ्या वाऱ्याने रायवळाचा सगळा माथा घराकडे कलला आहे. समुद्राकडच्या पानांच्या कडा खारट तुषारांनी करपून तांबूस होतात. फळ तिकडे जवळजवळ नाहीच. सगळे घोस आतल्या बाजूला, घराकडे. म्हणूनच पत्रा वाजतो.

मागच्या वर्षी याने एकही आंबा दिला नव्हता. त्याआधीच्या वर्षी मात्र फांद्यांना टेकू द्यावे लागले होते. एवढा बार पेलल्यावर झाडाचा साठा संपतो, नवी पालवी उशिरा येते आणि ती मोहोरायच्या वेळेला जून झालेली नसते. मग ते वर्ष नुसत्या पानांचं. कारण ठाऊक असूनही मागच्या वर्षी मी रोज वर बघत होते. पालवी फुटली तेव्हा लांबून मोहोरच वाटला, तांब्याच्या रंगाची ती लोंबती, लुसलुशीत पानं. जवळ गेल्यावर मन खट्टू झालं.

यंदा पावसाने दीड महिना उघडीप दिली. बेटावर थंडी अशी पडतच नाही. जून झालेल्या फांद्या आणि असा कोरडा काळ, याच्याच जोरावर इथलं झाड मोहोरतं. एका सकाळी दार उघडलं आणि वास आला. त्यानंतर मी एक गोष्ट केली, तिचं मला फार समाधान आहे. माझ्या डोळ्यांच्या उंचीवरचा एकच तुरा निवडला, त्याला लाल दोरा बांधला आणि रोज तोच बघत राहिले.

एका तुऱ्यात शेकडो फुलं, इवली इवली. बरीचशी नुसती नर, त्यांना फळ धरायचंच नसतं. फुलांवर मधमाश्यांपेक्षा साध्या माश्याच जास्त दिसल्या. आंब्याचं बरंचसं परागीभवन त्याच करतात. एरवी मी माश्या हाकलते, त्या दिवसांत बघत उभी राहिले. मग एका रात्री सर आली आणि दोन दिवसांत निम्मे तुरे काळे पडले. करपा. ओला मोहोर म्हणजे या बुरशीला आयतं घर. माझा तुरा पानांच्या छपराखाली होता, तो वाचला. वाटाण्याएवढ्या अकरा कैऱ्या मोजल्या. सुपारीएवढ्या झाल्या तेव्हा तीन उरल्या. एक दिवस खाली दोन पडलेल्या दिसल्या, हिरव्यागार, हाताला गार. शेवटची एक वाढली. ती अजून झाडावर आहे, खांदे भरलेत, देठाशी खळगा पडलाय. लाल दोऱ्याचा रंग उडून गेला.

संध्याकाळ

दुपारी झेल्याने नऊ काढले, देठ लांब ठेवून. देठ तुटताना चिकाची पहिली चिळकांडी जोरात उडते. ती गालावर आली तर कातडी पोळून काळा डाग पडतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या मनगटावर पडला होता, जायला महिना लागला.

मग रायवळाची कोय धुवून हातात घेतली आणि बराच वेळ बसले. नारळ लाटांवर तरंगत येऊन कुठल्याही किनाऱ्याला रुजतो. आंब्याला ते जमत नाही. कोय सुकली की आतला जीव मरतो. त्यामुळे भारत आणि ब्रह्मदेशाकडचं हे झाड ज्या ज्या दूरच्या बेटावर उभं आहे, तिथे ते कुणीतरी जपून, जिवंत आणलेलं आहे. १७८२ मध्ये इंग्रजी आरमाराने एक फ्रेंच जहाज पकडलं, त्यावर हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटांवरून निघालेली रोपं होती. ती जमैकात उतरवली. रोपांना नावं नव्हती, नुसते आकडे होते. तिथे एक आंबा आजही 'अकरा नंबर' म्हणून ओळखला जातो. त्या आकड्याची चिठ्ठी कुंडीला लावणारं, एवढा समुद्र ओलांडताना वाटणीच्या गोड्या पाण्यातलं थोडं रोपाला घालणारं कुणीतरी असणारच. आमचं हे झाडही अशाच कुणाचं तरी आहे. मला त्या हातांविषयी फार माया वाटते.

कोय ठेवून चालणार नव्हतं. कडेने कापून आतली बी काढली आणि कुंडीत आडवी लावली. गेल्या खेपेस एकाच कोयीतून तीन कोंब आले होते. काही जातींत असं होतं, आणि त्यातले बहुतेक हुबेहूब आईवर जातात. तिन्ही रोपं आता गुडघ्याएवढी आहेत. एक आम्ही ठेवू. दुसरं शेजारच्या काकूंना कबूल केलंय. तिसरं लेक म्हणते शाळेच्या मागे लावूया, भिंतीच्या आत, वारा लागणार नाही तिथे. उद्या तिच्याबरोबर जाऊन जागा बघते.

आत्ताच पत्रा वाजला. आठवा.