पणत्यांचा धंदा आणि मायनस २८०

आज संध्याकाळी आमच्या पाचवीतल्या बाईसाहेबांच्या धंद्याचा हिशोब झाला. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून साध्या पणत्या आणायच्या, रंगवायच्या आणि सोसायटीत विकायच्या, एवढीच आयडिया. भांडवल उधारीचं, बाबाकडून ५०० आणि आजीकडून ३००. त्यात १०० पणत्या ३०० च्या, रंग आणि ब्रश ३५०, कुंदन टिकल्या १००, पिशव्या ५०, म्हणजे सगळे ८०० संपले. चार पणत्यांचा सेट ६० ला, असे २२ सेट गेले, गल्ल्यात १३२०. चार फुटल्या, आठ आमच्याच दारात लागल्या (त्याचे पैसे कुणी दिले नाहीत, मी पण नाही 😄).

तर मॅडमनी वहीत लिहिलं, १३२० वजा खर्च ८००, वजा उधारी ८००, उत्तर मायनस २८०, आणि एकदम रडारड, "आई मी तोट्यात गेले!!"

मग नोटाच मांडून बसलो. अगं तो खर्च उधारीच्याच पैशातून झाला ना, मग तेच ८०० दोनदा कसे वजा करशील? बाबाचे ५०० बाजूला, आजीचे ३०० बाजूला, उरले ५२०. चेहरा असा खुलला की बास.

पण लगेच शेजारची पार्टनर आली, अर्धे २६० घेऊन गेली, आणि आता उरलेल्या रंगांच्या बाटल्या कुणाच्या यावरून जिन्यात भांडण चालू आहे. आजी म्हणते व्याज म्हणून त्या मला द्या, रांगोळीला होतील.