सातवी पास पंचांचा कागद

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एका गावातल्या वाटणीच्या दाव्याचा परवा निकाल लागला. दोन भावांविरुद्ध कोर्टात गेलेल्या बहिणीचा मी वकील. तिला तिसरा हिस्सा मिळाला, पण प्रकरण डोक्यातून जात नाही.

वडिलोपार्जित साडेचार एकर. बाप हयात असताना, 1996 साली, गावच्या पंचांनी दोन भावांत वाटून दिलेली. कागद स्टॅम्पपेपरवर, मराठीत, आणि काय सुरेख! चतुःसीमा, बांधावरचा कुठला आंबा कोणाचा, विहिरीच्या पाण्याची पाळी शुक्रवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत मोठ्याची, मोटारीचं बिल निम्मंनिम्मं. आताच्या टायपिंग सेंटरमधल्या साच्यात यातलं काही नसतं. आमच्यातले निम्मे वकील शेत बघायलाही जात नाहीत. शेवटून दुसरी ओळ मात्र अशी : 'बहिणीस साडीचोळी देऊन समाधान केले आहे.' तिचा अंगठा नाही, सही नाही.

लिहिणारे पंच सातवी पास. भावांच्या बाजूने साक्षीला आले. मी उलटतपासाला उठलो.

"तात्या, हा कागद नोंदणी कचेरीत नेला होता?"

"गावचा कागद. तिकडं कशाला न्यायचा?"

"तलाठ्याकडं वाटणीची वर्दी, म्हणजे दप्तरी नोंदीची खबर?"

"भाऊ भाऊच की हो वकीलसाहेब. वर्दी कशाला?"

जज्जसाहेब दक्षिणेकडचे, मराठी येत नाही. त्यांनी लिपिकाकडून कन्नडमध्ये दोन्ही उत्तरं पुन्हा ऐकली आणि लिहून घेतली. दावा तिथेच फिरला. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच वाटेकरी झाली, पण 20 डिसेंबर 2004 पूर्वीची वाटणी कायद्याने शाबूत ठेवली. ती वाटणी नोंदणीकृत तरी हवी, नाहीतर कोर्टाच्या हुकूमनाम्याची. तोंडी वाटणी अपवाद म्हणून मानायची तर सरकारी दप्तरात तिचा भक्कम पुरावा हवा, असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलं. इथे यातलं काहीच नाही. कर्नाटकाची 1994 ची दुरुस्ती आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळणारी, आणि बाईचं लग्न 1991 चं, म्हणून तीही तिच्या कामाची नव्हती. तात्यांना नोंदणीचं कलम माहीत असतं, तर ती कायमची बाहेर पडली असती.

बार रूममध्ये चहा घेताना सगळ्यांचा एकच सूर : असल्या अडाणी पंचांमुळेच दावे वाढतात. ग्रामन्यायालयाच्या 2008 च्या कायद्यातही न्यायाधिकाऱ्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याइतकीच पात्रता लागते, म्हणजे कायद्याची पदवी आलीच. मला ते पटतं. पण साडीचोळीची ती ओळ पदवीधराने लिहिली नसती असं कोण म्हणेल? त्याने ती लिहून वर नोंदणीही केली असती. अमेरिकेत केंटकीच्या एका गावात कोळसा खाणीतला कामगार न्यायाधीश होता. पहिल्याच गुन्ह्याला कायद्यात नसलेली 30 दिवसांची कैद त्याने ठोठावली. तरीही 1976 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने असा न्यायाधीश चालेल म्हटलं, कारण कायदा शिकलेल्या न्यायाधीशापुढे खटला नव्याने चालवायची सोय होती. आमच्या बाईला ती सोय मिळायला पंचवीस वर्षांच्या वर गेली.

आता तहसीलदाराचा भूमापक येईल आणि तीन वाटे पाडेल. मोजणीच्या साखळीला क्षेत्र कळतं, पाण्याची पाळी कळत नाही. मोजणीच्या दिवशी तात्यांना बोलवा, असं मी भावांच्या वकिलांना सांगितलंय. ते अजून तयार नाहीत.